घाटातल्या जाळीत बसलेला देव

मे महिन्यात अकोल्याहून कुठेही निघालं की शेजारी शुभेच्छा देत नाहीत, पिशवीत पाण्याची बाटली आणि कांदा आहे का ते विचारतात. मी चिखलदऱ्याला निघाले म्हटल्यावर मात्र सगळ्यांचे चेहरे निवळले. "थंड हवा खायला चालल्या वाटतं!" मी हो म्हटलं. एक दगड बघायला चालले आहे, असं सांगितलं असतं तर त्यांनी ते उन्हाच्या खात्यावर टाकलं असतं.

दगडाची हकिकत मला आधी फोनवर कळली होती, तीही अर्धवट. शांता माझी जुनी मैत्रीण. दर्यापूरच्या शाळेत आम्ही दोघींनी बरीच वर्षं शिकवलं. ती गणित, मी मराठी. निवृत्तीनंतर मी अकोल्याला आले, ती तिथेच राहिली. तिची मुलगी प्रज्ञा सरकारात कनिष्ठ अभियंता आहे आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणाऱ्या घाटात काम करते. डोंगरावरून सुटलेले दगड रस्त्यावर पोचण्याआधी अडवायचे, हे तिचं काम. "एका दगडापायी पोरीच्या मागं लोक लागले," शांता फोनवर म्हणाली. "ते तुह्यं ऐकते. जाय आन् तिले म्हण, रजा टाक."

प्रज्ञा माझं ऐकते, हा शांताचा गैरसमज तिच्या दहावीपासूनचा आहे. तरीही मी निघाले.

अकोला ते दर्यापूर एस.टी.ने. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, मधूनच पूर्णेचं कोरडं पात्र. हा खारपाणपट्टा (जमिनीखालचं पाणी खारं असलेला मुलूख). इथला चहा प्यायला की साखर आणि मीठ यांच्यात तडजोड झाल्यासारखं वाटतं. शांताच्या घरी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली आम्ही तो चहा प्यालो. तिने पुढ्यात मोबाइल धरला. जीपवाल्यांच्या कुठल्याशा गटातून फिरत आलेला प्रज्ञाचा फोटो होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात मोजपट्टी, आणि खाली लिहिलेलं: 'हीच ती बाई. देव हटवाले आली.'

"पाह्य," शांता म्हणाली. "पोरगी दगड पाहून राहिली, आन् लोक तिचं आडनाव पाहून राहिले. म्हणते, याईच्या घरी देव नाई, याईले आमच्या देवाचं काय?"

"प्रज्ञा काय म्हणते?"

"थे हासते. म्हणते, छप्पन सालापासून आपल्या घरात देव नाई, आन् आता सरकारनंच माह्या गळ्यात एक बांधला." शांता स्वतःही हसली, पण डोळे मोबाइलवरून काढले नाहीत. निघताना तिने सांबारवड्यांचा (कोथिंबिरीच्या वड्यांचा) डबा दिला. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात; पुण्याचे पाहुणे ताटात डाळ शोधत बसतात.

पुढे अंजनगाव. तिथे पानमळ्यांचा गारवा बसच्या खिडकीतून क्षणभर आत येतो आणि गाव संपताच उतरून जातो. मग परतवाडा. सागवानी लाकडाच्या भुशाचा वास आला की समजावं, स्टँड जवळ आला. उत्तरेला सातपुडा भिंतीसारखा उभा होता. अख्ख्या वऱ्हाडात सपाटीला कंटाळलेल्या नजरेला टेकायला एवढी एकच जागा आहे.

स्टँडवर प्रज्ञा दुचाकी घेऊन उभी होती. माझी पिशवी हँडलला अडकवत म्हणाली, "आईनं पाठवलं ना तुमाले?"

"मी थंड हवा खायला आले."

"मग बसा, मावशी. उद्या वरतं नेतो. आज परतवाड्याची गरम खा."

सकाळी तिच्या खात्याच्या जीपमधून घाट चढू लागलो. ऊन अजून तापलं नव्हतं. सागाची झाडं पानं झाडून उघडी उभी होती, त्यामुळे डोंगराची कातडी स्पष्ट दिसत होती. काळा पाषाण, त्याखाली लाल मातीचा पट्टा, पुन्हा काळा पाषाण, पुन्हा लाल पट्टा. प्रज्ञाने एका वळणावर गाडी हळू करून बोट दाखवलं. पावसाचं पाणी हा लाल पट्टा खातं. वरच्या पाषाणाला आधीच उभ्या भेगा असतात. खालचा आधार गेला की त्यातला एक तुकडा निघतो. तो केवढा असेल, ते तो खाली आल्यावरच कळतं.

पुढच्या मोठ्या वळणावर आमची गाडी थांबली, कारण पुढे बस थांबली होती. बसच्या पुढे दोन जीपा आणि एक ट्रॅक्टर. मला वाटलं, दरडच आली. पण बसमधले लोक पायातल्या चपला काढून उतरत होते, एकाच्या हातात नारळ होता, आणि वरून घंटेचा आवाज येत होता.

"हे आमचं देवस्थान," प्रज्ञा म्हणाली. "सगळ्या घाटात सर्वांत धोक्याची जागा. म्हणून तर अठी जाळी लावली. आन् आता समदा घाट अठीच थांबते."

रस्त्यापासून दोन पुरुष उंचीवर डोंगराच्या अंगावर जाळी उभी होती. मी दरडींच्या जाळ्या आधी पाहिल्या होत्या त्या महामार्गावरून, डोंगरावर परकर नेसवल्यासारख्या पसरलेल्या. ही निराळी. पोलादी खांबांची रांग, त्यांच्या वरून आणि खालून गेलेले जाड तारदोर, आणि मध्ये ताटाएवढ्या कड्या एकमेकींत गुंतवून विणलेलं जाळं. मला ते भिंतीच्या मानाने फारच लेचंपेचं वाटलं आणि मी तसं म्हटलं.

"भिंत बांधली तर दगड भिंत फोडते," ती म्हणाली. "क्रिकेटमंदी चेंडू झेलताना हात कसा मागं घेता? हे तसंच. दगड आला की जाळी पोटात घेते, खांब थोडे झुकते, आन् दोराले हे वेटोळे दिसते ना, हे खेचल्या जाते. दगडाचा जोर त्यात मरते. पण एकदा खेचलं की वेटोळं गेलं. बदलाव लागते. आन् पोटातला दगड काढाव लागते. पोट भरलं असलं तर पुढचा कसा झेलन?"

पोट भरलेलं होतं. जाळीच्या मागे माती, मुरूम, डोक्याएवढे दगड असा ढीग साचून जाळी फुगली होती. आणि त्या ढिगाच्या पुढ्यात, अगदी कड्यांना टेकून, म्हशीच्या रेडकाएवढा एक काळा दगड बसला होता. म्हणजे तो काळा असावा. आता तो नखशिखांत शेंदरी होता. त्याला चांदीचे डोळे बसवले होते. डोक्यावर पत्र्याचं छप्पर होतं, आणि ते छप्पर जाळीच्याच वरच्या तारदोराला बांधलं होतं. घंटाही तिथेच टांगलेली, तिची दोरी रस्त्यापर्यंत सोडलेली.

हा देव कसा झाला, हे मला प्रज्ञाने सांगितलं, आणि पुढच्या दोन दिवसांत इतर अनेकांनीही. सगळ्यांचं म्हणणं जुळत होतं, जे देवांच्या बाबतीत सहसा होत नाही.

जाळी उभी राहिली गेल्या हिवाळ्यात. उद्घाटनाची तारीख पाहुण्यांच्या सवडीने ठरायची होती. डोंगराने सवडीची वाट पाहिली नाही. हा दगड त्याआधीच सुटला आणि जाळीने झेलला. एकही माणूस जखमी झाला नाही. प्रज्ञा त्या दिवशी इतकी खूश होती की तिने मजुरांना जिलबी आणली. मग उद्घाटन आलं. वळणावर मांडव पडला, 'दरडमुक्त घाट' असा फलक खांबांना बांधला गेला आणि पाहुणे सव्वा तास उशिरा आले, म्हणजे लवकरच. भाषण चालू असताना त्यांना कुणीतरी सांगितलं की तो बघा, पहिला दगड. पाहुण्यांनी स्वतःच्या गळ्यातली माळ काढली, शिडी मागवली, दगडाला माळ घातली, हळदकुंकू लावलं आणि त्याच्याच टाळूवर नारळ फोडला. फोटो निघाले. पाहुणे गेले. दगड राहिला.

माती-दगड उपसायचं मशीन दुसऱ्या दिवशी तो उचलायला येणार होतं. आलंही. चालकाने माळ पाहिली, कुंकू पाहिलं, इंजीन बंद केलं आणि हात जोडले. दुसरा चालक आणला तर तो गाडीतून उतरलाच नाही. शनिवारी कुणी शेंदूर लावला. पुढच्या शनिवारी घंटा आली. जाळीने झेलला म्हणून लोक त्याला झेल्या मारोती म्हणू लागले, आणि घाटातले ड्रायव्हर त्याला हात जोडल्याशिवाय वळण घेईनात. इतक्या सरळ चांगुलपणातून इतका मोठा धोका तयार झालेला मी पहिल्यांदाच पाहत होते. ज्या दगडाने कुणाला मारलं नाही त्याचे आभार मानायला माणसं पुढच्या दगडाच्या वाटेत उभी राहत होती.

आम्ही खाली उभे राहून हे बोलत असताना वर कुठेतरी खरखर झाली. मुठीएवढा एक दगड ढिगावर आपटला, उसळला, जाळीच्या वरून गेला आणि बसच्या मागे डांबरावर दोन टप्पे घेऊन खालच्या दरीत उतरला. नारळवाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही. घंटा वाजत होती.

प्रज्ञाने पाहिलं. ती दगडाकडे पाहत नव्हती, तो जिकडे गेला तिकडे पाहत होती.

रस्ता वळण घेऊन बरोबर खाली येतो, आणि तिथे कौसल्याबाईचं चहाचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार लाकडी बल्ल्या, कुडाची भिंत, वर कवेलू (कौलं). मागच्या खोलीत ती राहते, तिच्यासोबत तिची सासू. सासू कमरेपासून खाली हलत नाही. नवरा नाही, मुलगी लग्न होऊन धारणीकडे गेली. हे सगळं कौसल्याबाईने चहा गाळता गाळता सांगितलं, आणि खोलीच्या दारातून एका बाजेवर पडलेल्या म्हातारीने मला न्याहाळत विचारलं, "कोन होय वो?"

"मॅडमची मावशी, आत्याबाई."

"नारळ घेते काय?"

कौसल्याबाई हसली. दुकानाच्या पुढे नारळांची रास होती. झेल्या मारोती आल्यापासून तिचा चहाही चालतो आणि नारळही. तिने आमच्यासाठी भाकरी थापली, सोबत झुणका आणि असा ठेचा की डोळ्यांतून आलेलं पाणी पुसताना माझा सगळा संशयवाद वाहून गेला. शांताच्या सांबारवड्या मी तिच्यापुढे ठेवल्या. तिने एक सासूला नेऊन दिली.

प्रज्ञा कुडाच्या भिंतीवर हात टेकवून उभी होती. "बाई, पाऊस लागायच्या आंधी ते पोट रिकामं केलं पाह्यजे. नाईतर येनारा दगड वरतून उडी मारन. आज पाह्यला मी, कोठी गेला थो. तुह्या कवेलूवरून."

"मले माईत आहे," कौसल्याबाई म्हणाली. "परवा एक मोरीत पडला. हंडा चेपला माहा."

"मग काहून नाई बोलत तू? तुह्यं ऐकतीन लोकं."

कौसल्याबाई चुलीत लाकूड सारत राहिली. "देव हलवा म्हनू मी? आन् उद्या ह्या म्हातारीले काई झालं तं म्हनतीन, पाह्य, देवानं दाखवलं." मग थोड्या वेळाने, "आन् तुमाले खरं सांगू का मॅडम, ते नारळ हाय म्हनून औषध येते तिचं."

तेवढ्यात एक जीप कचकन थांबली. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, चाळिशीचा गृहस्थ उतरला. हे गजूभाऊ, जीपवाल्यांचे पुढारी आणि झेल्या मारोतीचे पहिले भक्त. घंटा त्यांचीच.

"राम राम मॅडम. आल्या काय पुन्हा मोजाले?"

"आली, भाऊ. तुमी थांबले काय पुन्हा मराले?"

"बाप्पा!" गजूभाऊ माझ्याकडे वळले. "पाह्यलं मावशी, कसं बोलते? आमी वीस वर्सं झाली घाटात गाडी चालवून राहिलो. ह्या वळनावर आमचा मानूस गेला नाई जेव्हापासून देव बसला."

"देव बसला जेव्हापासून पाऊस आला नाई, भाऊ," प्रज्ञा म्हणाली. "पावसाळ्यात पाहू."

"तुमी मानत नाई देवाले. तुमाले काय कळन?"

आवाज चढला नव्हता, पण वाक्य जड होतं. कौसल्याबाईने कपबशा उगाचच खळखळून धुवायला घेतल्या. प्रज्ञा शांतपणे म्हणाली, "मी मानत नाई. तुमी मानता. म्हनून सांगतो, तुमच्या देवाच्या पायाशी तुमचे लोक मरू नये. एवढंच माहं काम हाय." गजूभाऊंनी चहा न घेता गाडी काढली. पुढच्या वळणावर मात्र ते थांबले. हात जोडले असावेत, कारण घंटा वाजली.

संध्याकाळी परतवाड्यात प्रज्ञाच्या भाड्याच्या खोलीच्या गच्चीवर बसून मी माझं कर्तव्य केलं. रजा टाक, म्हटलं. बदली माग. दुसरा कुणी येईल.

"दुसरा येईल आणि पोलीस बंदोबस्त घेऊन एका सकाळी दगड उचलेल," ती म्हणाली. माझ्याशी गंभीर बोलताना ती शाळेतली मराठी बोलते. "मलाही आमच्या खात्यातल्या साहेबांनी तेच सुचवलंय. दगड जाईल. पण मावशी, जाळी काय एकदा रिकामी करून भागतं का? दर पावसाळ्यात माणसं लागतात, मशीन लागतं, गाववाल्यांनी फोन करून सांगावं लागतं की वर काहीतरी हललंय. पोलीस आणून देव हलवला तर मला पुन्हा फोन कोण करेल?"

"मग नारळ फोड एक. समजूत पटेल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला दहावीतली प्रज्ञा आठवली. "ते मी करणार नाही. खोटं वागून मिळालेलं काम पहिल्या पावसात उघडं पडतं." मी रजेचा विषय पुन्हा काढला नाही. शांताला फोन करून सांगितलं, "पोरगी ऐकत नाही." पलीकडून शांता म्हणाली, "मले वाटलंच," आणि तिच्या आवाजात काळजीच्या मागे आणखी काहीतरी होतं, जे गणिताच्या शिक्षिकेला लपवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी, जीपा लागतात त्या कडुनिंबाखाली, प्रज्ञाने सगळ्यांना बोलावलं. ड्रायव्हर, दुकानदार, वरच्या वाड्यांवरचे दोनचार जण. कौसल्याबाई सासूजवळ शेजारणीला बसवून आली होती आणि सगळ्यांत मागे उभी होती. प्रज्ञाने भाषण केलं नाही, फक्त विचारलं: जाळी रिकामी करायची आहे, दगड हलवल्याशिवाय ती होत नाही, तुमचं म्हणणं काय?

म्हणणं पुष्कळ होतं. एक म्हणाला, देव हलवला तर घाट कोपेल. दुसरा म्हणाला, जाळीच पुढे सरकवा. गजूभाऊंनी मुद्दा नेमका मांडला: एकदा स्थापना झालेला देव हलत नाही.

"स्थापना कवा झाली?" मागून आवाज आला.

सगळे वळले. कौसल्याबाई पदर खोचून पुढे आली.

"उद्घाटनाच्या दिवशी," गजूभाऊ म्हणाले. "साहेबानं नारळ फोडला. समद्याईनं पाह्यलं."

"साहेबानं नारळ फोडला म्हनून देव झाला काय? बरं. मंग थ्याच साहेबानं स्टँडवरच्या नव्या मुतारीपुढं बी नारळ फोडला होता. हार घातला होता दाराले. मी होतो तठी, गाडीची वाट पाहत. तं तुमी समदे तिथं चपला काढून जाता काय, भाऊ?"

कुणीतरी खिदळलं, आणि ते हसू असं पसरलं की एका म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली. गजूभाऊ गंभीर राहण्याचा प्रयत्न करत होते. "हे बोलनं झालं काय, वहिनी?"

"मंग काय बोलू? तू गाडी लावतं, हात जोडतं, आन् जातं. मी तठीच झोपतो. म्हातारी तठीच झोपते. दगड आला तं मी पळन. तिले घेऊन पळन काय?" आता कुणी हसत नव्हतं. "नारळ मीच विकतो, गजूभाऊ. तुह्यापेक्षा माहं नुकसान जास्त हाय. तरी मी म्हनतो, हलवा."

गजूभाऊ म्हणाले, "हलवलं तं कुठी नेसान?"

प्रज्ञाने कडुनिंबाच्या बुंध्याकडे बोट दाखवलं. "अठी. गाड्या तं अठी थांबतेच. सावली हाय, जागा हाय, वरतून काई पडत नाई."

"मशीनच्या फावड्यात देव बसवायचा नाई."

"फावडं धुवून देतो. नवीन कापड तुमी घाला."

"वाजतगाजत नेऊ."

"न्या. पण अर्धा रस्ता मी बंद करीन, आन् समद्याईनं हेल्मेट घालाचं."

"आन् तुमी नारळ फोडाचा."

"नाई," प्रज्ञा म्हणाली. "नारळ तुमी फोडा. मी समोर चालीन, लाल झेंडी घेऊन. समोरून येनाऱ्या गाड्या थांबवनं हे माहं काम हाय, ते मी करीन. तुमचं तुमी करा."

गजूभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधून पाहिला मी, सापडला नाही. "हट्टी हाय बाप्पा पोट्टी," ते स्वतःशीच म्हणाले, आणि ढोलवाल्याला फोन लावला.

आयुष्यभर मी मिरवणुकींपासून चार हात लांब राहिले. सत्कार, पालख्या, दिंड्या, संमेलनांच्या ग्रंथयात्रा, सगळ्या खिडकीतून पाहिल्या. त्या सकाळी मी पिवळं हेल्मेट घालून एका मिरवणुकीत चालले. पुढे लाल झेंडी घेतलेली प्रज्ञा. तिच्यामागे दोन ढोल. त्यामागे धुतलेलं, आंब्याच्या डहाळ्या बांधलेलं मशीन, फावड्यात हिरव्या कापडावर झेल्या मारोती. त्यामागे गजूभाऊ, हेल्मेटच्या खाली टिळा, आणि घाटातले ड्रायव्हर. मशीनच्या चालकाने चपला काढून पेडल दाबलं होतं. एका वळणावर समोरून आलेल्या पर्यटकांच्या गाडीने काच खाली करून विचारलं, "काय चाललंय?" प्रज्ञा म्हणाली, "रस्त्याचं काम." उत्तर अगदी बरोबर होतं.

एक गडबड झालीच. दगड उचलताना त्याच्यामागचा ढीग सुटला आणि दोन टोपल्या मुरूम रस्त्यावर आला. एका ढोलाचं चामडं फाटलं. पण प्रज्ञाने खालचा अर्धा रस्ता आधीच मोकळा करून घेतला होता. बाकी राहिलेला ढोल एकटाच अधिक जोरात वाजला.

मारोती कडुनिंबाखाली बसला. गजूभाऊंनी नारळ फोडला. कौसल्याबाईने त्याच दुपारी नारळांची रास हातगाडीवर घालून खाली आणली. चहा वरच राहिला, कारण म्हातारीला आपलं घर सोडायचं नव्हतं.

खरं काम त्यानंतर सुरू झालं आणि ते बघायला गर्दी नव्हती. पुढचे दिवस मी रोज वर जाऊन कौसल्याबाईच्या दुकानात बसत असे. मशीन ढीग उपसत होतं. माणसं दोराला बांधून घेऊन खांबांवर चढत होती, खेचून सरळ झालेली वेटोळी काढून नवी बसवत होती, झुकलेला एक खांब ताणून उभा करत होती. पत्र्याचं छप्पर उतरलं. कड्यांचं पोट हळूहळू सपाट झालं आणि मागे मोकळी जागा दिसू लागली, रिकामी, खोल, काहीतरी येण्याची वाट पाहणारी. गजूभाऊ एकदा गाडी न थांबवता खिडकीतून ओरडून गेले, "मॅडम, तिसऱ्या खांबाच्या वरतं एक धोंडा हालून राहिला, पाह्यजा!" प्रज्ञाने हात वर केला आणि दोन माणसं तिकडे पाठवली.

परतीची वाट मी अमरावतीवरून घेतली. तिथे स्टँडजवळ गिला वडा (दह्यात आणि तिखट चटणीत बुडालेला उडदाचा वडा) खाल्ला आणि एका कमानीखालून रिक्षाने गेले. कमान कुणाच्यातरी स्वागताची होती, स्वागत होऊन गेलं होतं, कमान राहिली होती. अकोल्यात शेजाऱ्यांनी विचारलं, "कशी होती हवा?" मी म्हटलं, ऊन लागलं थोडं.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते. आपण सुरुवातींचे सोहळे करतो. पायाभरणीचा करतो, फीत कापण्याचा करतो. एखादी गोष्ट मुकाट्याने टिकवून ठेवण्याचा सोहळा आपल्याकडे नाही, आणि एका अर्थी ते बरंच आहे. केला असता तर त्यानेही वाट अडवली असती. प्रज्ञासारख्या माणसांच्या कामाचं फळ म्हणजे न घडलेली गोष्ट. तिला माळ घालायची तर ती घालायची कशाला?

पावसाळा भरात असताना प्रज्ञाचा फोन आला. आवाज नेहमीचा.

"मावशी, एक आला होता. त्या मारोतीपेक्षा मोठा. पहाटे पावसात सुटला. जाळीनं झेलला."

"मग?"

"मग काय. गजूभाऊनं खालून फोन केला, म्हणे जाळी फुगलेली दिसते. उजाडताच मशीन लावलं, उचलला, नेऊन टाकला. दोन वेटोळी बदलायची आहेत, उद्या बदलते."

"फोटो काढलास?"

"नाई. आन् तुमी बी लिहाल तेव्हा वळन कोणतं ते लिहू नका. पुन्हा कोनी माळ घेऊन येईल."

मी कबूल केलं. मग विचारलं, "कौसल्याबाई घाबरली असेल."

प्रज्ञा हसली. "सकाळी तिच्याकडे चहाले गेली होती. विचारलं, बाई, आवाज केवढा झाला रात्री? तर म्हणे, कायचा आवाज?"